पुढचा तास बोरसे मॅडमचा

ज्यांना रोज वर्गासमोर उभं राहून शिकवायचं असतं आणि ज्यांचे कान एकाएकी गेले आहेत, अशांसाठी हे लिहिते आहे. अशी माणसं फार नसतील. पण एखादा जरी असला, तर तो आत्ता या क्षणी कुणावर तरी संशय घेत बसलेला असणार, हे मी पैजेवर सांगते. औषधं, डोस, तपासण्या यांबद्दल मला विचारू नका, ते डॉक्टर सांगतील. डॉक्टर जे सांगत नाहीत, तेवढंच मी सांगणार आहे. आणि आधीच बजावून ठेवते, या हकिगतीत मी काही फार चांगली बाई म्हणून दिसणार नाही.

*

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी धुळ्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. दोन वर्षांच्या प्रोबेशनवर. दोन वर्षं नीट गेली की नोकरी कायम, नाहीतर हातात नारळ. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. आमच्या घराण्यात एम. ए. होऊन कॉलेजात शिकवणारी मी पहिली, त्यामुळे ही नोकरी माझ्याइतकीच माझ्या वडिलांचीही होती. आबा बाजारात कुणी भेटलं की पिकापाण्याच्या आधी माझ्या नोकरीचं सांगायचे.

दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. संध्याकाळी अंग कढत व्हायचं. मी खडूच्या धुळीला बोल लावत राहिले. शेवटी माझ्या नवऱ्याने, वसंतने, शिंदखेड्याच्या आपल्या शाळेतून रजा टाकली आणि मला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि वसंतकडे वळून म्हणाले, "यांना टीबी आहे."

मी समोरच्याच खुर्चीत बसले होते. फोटो माझ्या छातीचा होता. तरी सांगितलं वसंतला. तेव्हा माझे कान शाबूत होते, पण माझ्याबद्दलचं बोलणं माझ्या डोक्यावरून जाऊ लागलं ते त्या दिवसापासून.

घरी येऊन आम्ही ठरवलं, कॉलेजात न्यूमोनिया सांगायचा. टीबी म्हटलं की लोक चार हात लांब पळायचे. रजेचा अर्ज वसंत देऊन आला. खरं काय ते मी फक्त सुनंदाला सांगितलं.

सुनंदा बोरसे माझ्याच विभागात होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, माझ्याहून हुशार, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेईल तेवढीच तिची नोकरी, आणि दर सत्राला तीही नव्याने मागायची. विभागात कायम होऊ शकणारी जागा एकच होती आणि तिच्यावर मी बसले होते. तरीही आम्ही मैत्रिणी होतो. हे वाक्य नीट वाचून ठेवा, कारण पुढे मीच ते विसरले.

*

वॉर्ड गावाबाहेर होता, पत्र्याचा. सकाळी सहाला सुयांचा ट्रे यायचा. त्या खणखणाटाने अख्खा वॉर्ड जागा व्हायचा. मग इंजेक्शन, मग मूठभर गोळ्या, मग थर्मामीटर, मग दूध. दुपारी भेटीची वेळ. भेटायला येणाऱ्यांना आत सोडत नसत. त्यांनी बाहेरच्या व्हरांड्यात उभं राहायचं आणि खिडकीच्या गजांतून बोलायचं.

मुक्ताला, माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला, आबा रावेरला घेऊन गेले. जाताना तिला खिडकीपाशीही आणलं नाही, लागण होईल म्हणून. ती बोलायला शिकली ती तिथेच, आजोळी. तिचं पहिलं पुरं वाक्य मी ऐकलेलं नाही. यावर मी पुष्कळ रडले आहे आणि आजही रडते.

सुनंदा आठवड्यातून दोनदा यायची. खिडकीबाहेर उभी राहून कॉलेजातल्या गमती सांगायची. आपल्या तासांबरोबर माझेही तास तीच घेत होती.

सत्तावन्नाव्या की अठ्ठावन्नाव्या इंजेक्शनानंतर कानात शिट्टी वाजायला लागली. रेल्वे लांबून यावी तशी. मला वाटलं, अशक्तपणा. मी कुणाला सांगितलं नाही. ओळखलं ते वॉर्डातल्या आया इंदूबाईने. एका सकाळी ती माझ्या खाटेच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, मी तीन येळा हाक मारी. तुमले आयकू येस का नही?"

मी म्हटलं, येतं की. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे जाऊन उभी राहिली. काहीतरी बोलली असावी. मी वळले नाही. पुन्हा समोर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "घाबरू नका, बठ्ठं बरं व्हई जाई," असं तिने ओठ मोठे मोठे हलवून सांगितलं. माणसाच्या ओठांवरून मी वाचलेलं ते पहिलं वाक्य.

इंजेक्शनं त्याच दिवशी थांबली. कुणाकुणाचे कान जातात यांनी, असं डॉक्टर म्हणाले. या वेळीही वसंतलाच म्हणाले. छाती बरी झाली. कान परत आले नाहीत. उजव्यात थोडंसं उरलं, दार आपटल्याएवढं. डाव्यात काही नाही.

*

घरी आल्यावर एक नवीनच प्रकार सुरू झाला. वसंत माझ्याशी ओरडून बोलायचा. त्यामुळे आमच्या गल्लीत आमचं कुठलंच बोलणं खाजगी राहिलं नाही, आणि ते ज्याच्या कानात शिरायला हवं तिथे तर मुळीच शिरत नव्हतं. तो आणि माझ्या सासूबाई, अक्का, स्वयंपाकघरात बोलत असले की मी दाराशी जाऊन उभी राहायची. दोघांचे ओठ हलताना दिसायचे. मी दिसले की थांबायचे. आता हिला माहेरी धाडायची, असंच चाललं असणार, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

एकदा अक्कांनी मला हाताला धरून बसवलं आणि तोंडासमोर तोंड आणून म्हणाल्या, "तुन्हा बारामा नही बोली राहिनूत. दूधना बारामा बोली राहिनूत. दूध फाटनं."

पातेलं दाखवलं. खरंच फाटलं होतं. मी हसले. पण आत कुठेतरी वाटलंच, की आजच्यापुरतं दूध असेल.

*

जूनमध्ये कॉलेज उघडलं. डिसेंबरात प्रोबेशन संपणार होतं. सहा महिने काढायचे, बस. कान गेल्याचं मी कुणालाही सांगितलं नाही. सुनंदालाही नाही. टीबीचं सांगितलं होतं, कारण टीबी बरा होणार होता.

लपवायचं म्हणजे काय काय करावं लागतं, ते सांगते. स्टाफरूममध्ये भिंतीला पाठ लावून बसायचं. आधी आपणच बोलायला लागायचं, म्हणजे समोरचा काय बोलेल ते आपल्या हातात राहतं. सगळे हसले की अर्धं हसायचं. माणसं मी त्यांच्या ओठांवरून वेगळी काढायला शिकले. प्राचार्यांच्या मिशा ओठांवर उतरल्या होत्या, तिथे सगळं अंधारात. विभागप्रमुख देसले सरांच्या गालात कायम तंबाखू, त्यामुळे त्यांचं निम्मं वाक्य आतच राहायचं. सगळ्यांत स्वच्छ ओठ आमच्या शिपायाचे, रामदास नानांचे. आणि सुनंदाचे.

वर्गात दोन अडचणी होत्या. एक हजेरी. मी नंबर पुकारायचे, पोरं "यस मॅडम" म्हणायची, ते मला कुठून कळणार? साठ तोंडांत कुठलं हललं ते बघेपर्यंत पुढचा नंबर यायचा. मग मी सरसकट सगळ्यांना हजर लावायला लागले. माझ्या हजेरीत बहिणीच्या लग्नाला गेलेला मुलगासुद्धा हजर होता. दुसरी अडचण फळा. भूगोल म्हणजे नकाशे, आणि नकाशा काढायचा म्हणजे वर्गाकडे पाठ. पाठीमागे काय चाललंय ते कळेना. यावर मी तोड काढली. विभागातला खानदेशचा काचेच्या चौकटीतला नकाशा फळ्याशेजारी टांगला. तापीचं खोरं शिकवण्यासाठी, असं सांगितलं. खरं तर त्या काचेत मला मागचा वर्ग दिसायचा, आणि वर्गाची खिडकीही.

घंटेचं मात्र काही करता येईना. ऑफिसजवळ रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि नाना त्याच्यावर लोखंडी दांडी हाणायचे. नानांची घंटा आणि माझं घड्याळ यांचं कधी जमलं नाही. कधी तीन मिनिटं आधी, कधी पाच मिनिटं उशिरा, नानांच्या मर्जीवर. पहिल्या पंधरवड्यात माझे तास हटकून पुढे जायचे. पोरं चुळबुळायची, मी शिकवत राहायची.

*

मग एका दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या चहाच्या कपाच्या बुडाला लाल ठिपका दिसला. नेलपॉलिशचा. दुसऱ्या दिवशी तोच कप माझ्यापुढे, तिसऱ्या दिवशीही. बाकी कुठल्याच कपाला ठिपका नव्हता. मी सगळे उलटे करून बघितले. नानांना गाठलं. ते जमिनीकडे बघायला लागले, तेव्हा मी म्हटलं, वर बघून बोला.

"म्याडम, मन्हावर राग धरू नका," नाना म्हणाले. "देसले सरनी सांगं, तुमना कप येगळा ठेवानं."

म्हणजे देसले सरांना टीबीचं कळलं होतं. कुणी सांगितलं? कॉलेजात ते एकाच माणसाला माहीत होतं.

माझा संशय खरा ठरला, हीच माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट गोष्ट झाली. तो कप खोटा निघाला असता तर मी कदाचित सावरले असते. आता मला वाटायला लागलं, की कान गेले पण नजर आली. मला जे दिसतं ते खरंच असतं.

आणि दिसायला पुष्कळ लागलं. सुनंदा रोज माझ्या वर्गाच्या खिडकीत यायची. छातीशी हजेरी धरून, काही न बोलता, नुसती उभी. काचेत ती दिसली की मी घड्याळ बघायची आणि गडबडीने तास संपवायची. माझ्यानंतर त्या वर्गावर तिचाच तास असायचा, म्हणून आधी वाटलं, घाई करते आहे. पण गुरुवारी तिचा तास नसायचा. तरी ती यायची. गुरुवारी कशाला येते ही? किती मिनिटं जास्त घेतली ते टिपायला? मी रजेवर असताना माझे तास हिनेच घेतले होते. जागेची चव लागली असेल.

त्याच सुमाराला हजेरीच्या वेळी वर्ग उभा राहायला लागला. मी "एक" म्हटलं, एक नंबरची मुलगी ताडकन उभी राहिली आणि बसली. "दोन," दोन नंबरचा उठला, बसला. कुणी सांगितल्यासारखी एकामागोमाग पोरं उठत-बसत होती. मागच्या बाकावरचा एक फिदीफिदी हसत होता. मी ओरडले, "काय तमाशा लावलाय? बसून हजेरी द्या." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या तासाला पुन्हा उभी राहायला लागली. मी बहिरी आहे की नाही, याची परीक्षा चालली होती, दुसरं काय! आणि माझ्यानंतर या पोरांना कोण शिकवतं? सुनंदा.

हे सगळं मी वसंतला सांगितलं. तो म्हणाला, तिला सरळ विचार ना. विचार! विचारल्यावर ती काय कबूल करणार होती? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याने ओरडून ओरडून माझी समजूत घातली, ती गल्लीने ऐकली.

*

सप्टेंबरात प्राचार्यांनी बोलावलं. मिशांखाली काहीतरी हललं. मी म्हटलं, सर, जरा लिहून देता?  मग त्यांनी टेबलावरचा एक कागदच माझ्यापुढे सरकवला. टाइप केलेला निनावी अर्ज होता. चौधरी मॅडमना, म्हणजे मला, ऐकू येत नाही, विद्यार्थ्यांचं नुकसान होतं, गैरहजर विद्यार्थ्यांची हजेरी लागते, अशा शिक्षिकेला कायम करू नये.

 आबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, बाजारात उभे असलेले.

प्राचार्यांनी कागदावर लिहिलं, सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे तपासणी होईल. त्याखाली लिहिलं, तुमचं म्हणणं लेखी द्या.

हजेरीतला घोळ कुणाला ठाऊक असणार? त्याच वर्गाची हजेरी मी घेते आणि माझ्यामागून सुनंदा घेते. तिच्या हजेरीत जो नाही, तो माझ्या हजेरीत आहे. मला आता पुरावाच मिळाला होता. मी त्याच संध्याकाळी बसून चार पानी म्हणणं लिहिलं. माझ्या कानांबद्दल त्यात अर्धं पान होतं. बाकी साडेतीन पानं सुनंदावर. श्रीमती बोरसे माझ्या वर्गाच्या खिडकीत उभ्या राहून माझ्यावर पाळत ठेवतात. त्यांच्या चिथावणीवरून विद्यार्थी हजेरीच्या वेळी उठबस करून माझी टिंगल करतात. माझ्या जागेवर त्यांचा डोळा आहे. खाली सही केली आणि सकाळी स्वतःच्या हाताने देऊन आले. त्या दुपारी मला कित्येक महिन्यांनंतर भूक लागली.

*

बोर्डापुढे मी नवंच घेतलेलं कानयंत्र लावून गेले. डबी ब्लाउजला अडकवलेली, वायर मानेवरून कानात. त्यातून मला बोलणं कमी आणि माझ्याच पदराची खसखस जास्त ऐकू यायची. तिघे डॉक्टर होते. मधले वयस्कर होते, त्यांना मिशा नव्हत्या, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. ते माझ्याकडे बघून बोलले. आजारपण सुरू झाल्यापासून माझ्याशी थेट बोललेले ते पहिले डॉक्टर. त्यांनी मला पाच मिनिटं काहीतरी शिकवायला सांगितलं. मी तिथल्या टेबलावर खडूने तापी-पांझरा काढल्या. त्यांनी दाखल्यावर लिहिलं, यंत्रासह अध्यापनास योग्य.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजात आले तर सुनंदाच्या कपाटाला दुसऱ्याच नावाची चिठ्ठी होती. प्राचार्यांनी बोलावून मला कागदावर लिहून दाखवलं, बोरसे यांचे तास बंद केले आहेत, तुमच्या तक्रारीची दखल घेतली आहे. मी आभार मानले. हो, आभार मानले.

*

त्यानंतरच्या सोमवारी मी त्याच वर्गावर मान्सूनच्या शाखा शिकवत होते. फळ्यावर बाण काढत होते. मधूनमधून काचेत बघत होते. खिडकी रिकामी होती, म्हणजे वेळ होता. मी आणखी बाण काढले. अरबी समुद्राची शाखा झाली, बंगालच्या उपसागराची झाली. खिडकी रिकामीच. मी वळले, तर दारात सुनंदाच्या जागी आलेले नवीन सर उभे, त्यांच्यामागे व्हरांड्यात डोकावणारी दुसऱ्या वर्गाची पोरं, आणि माझ्या वर्गातली पोरं माना खाली घालून बसलेली. घंटा होऊन वीस मिनिटं झाली होती. कुणी मला सांगायला धजावलं नव्हतं.

मी खडू ठेवला. माझ्या लक्षात आलं, की जुलैपासून दिवाळीपर्यंत माझा एकही तास पुढे गेला नव्हता. कारण मी खिडकी बघून तास संपवत होते. घंटा माझ्या खिडकीत येऊन उभी राहत होती आणि मी तिला पाळत म्हणत होते.

मी तशीच ऑफिसकडे गेले. नाना रुळापाशी बसले होते. मी विचारलं, "नाना, हजेरीला पोरांना उभं राहायला कोणी सांगितलं?"

"बोरसे म्याडमनीच सांगेल व्हतं पोरेसले," नाना म्हणाले. "चौधरी म्याडमले दिसाले पाहिजे म्हनीसन. आनी घंटा व्हयनी का त्या धावत येत तुमनी खिडकीजोडे. मी हासे, तर माले म्हनेत, नाना, कोनले सांगानं नही."

मी तिथेच पायरीवर बसले. नाना पाणी आणायला उठले. पेल्यातून आणलं, कपातून नाही.

*

डिसेंबरात नोकरी कायम झाली. हुकमावर सही करायला क्लार्कने माझी फाइल पुढे ठेवली. मी ती चाळली. माझ्या आजारपणातला रजेचा अर्ज होता, वसंतच्या हाताने दिलेला. त्याला नियमाप्रमाणे डॉक्टरी दाखला जोडलेला. दाखल्यावर क्षयरोग वॉर्डाचा निळा, गोल, ठसठशीत शिक्का. आणि अर्जावर शेरा, विभागप्रमुखांमार्फत सादर, खाली देसले सरांची सही.

रजेचा अर्ज विभागप्रमुखांमार्फत जातो, त्याला दाखला जोडावा लागतो, हे कॉलेजातल्या पोराटोरांनाही माहीत असतं. आम्ही दोघे शिकवणारे नवरा-बायको तोंडाने न्यूमोनिया सांगत होतो आणि कागदावर शिक्क्यानिशी टीबी देऊन आलो होतो. सुनंदा कुणाकडे एक शब्द बोलली नव्हती.

मी प्राचार्यांकडे जाऊन तक्रार मागे घेते म्हटलं. त्यांनी लिहिलं, आता फाइल बंद झाली आहे.

*

सुनंदाला शिरपूरला एका ज्युनिअर कॉलेजात काही तास मिळाले होते. जानेवारीत एका शनिवारी मी एसटीने गेले. सोनगीरचा किल्ला मागे पडेपर्यंत काय बोलायचं ते घोकत होते. तिथे पोचले तर ती वर्गात होती. मी बाहेर खिडकीपाशी उभी राहिले. तिने मला पाहिलं. थांबली नाही. फळ्यावर लिहीत राहिली, पूर्ण तास शिकवला. मग पोरं उठली, तेव्हा मला कळलं, घंटा झाली.

ती बाहेर आली. छातीशी हजेरी.

"काय काम काढलंस?"

घोकलेलं सगळं विसरलं. "मी तुझ्याविरुद्ध पत्र दिलं होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे. मला वाचायला दिलं होतं. चारही पानं."

"मग तू सांगितलं का नाहीस? घंटेसाठी येत होतीस म्हणून?"

"तू मला सांगितलं होतंस, ऐकू येत नाही म्हणून?"

 ती माझ्याकडे तोंड करून, सावकाश, माझ्यासाठी बोलत होती. अजूनही. "तू लपवत होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, प्रोबेशन आहे, लपवू दे. आपल्याला कळलंय हे कळलं तर ही आणखी घाबरेल. एवढंच होतं बघ."

मी म्हटलं, "मला माफ कर, सुनंदा."

 "आज नाही जमायचं, नलू," ती म्हणाली. "माझा पुढचा तास आहे."

दोन पावलं गेली आणि परत आली. माझ्या दंडाला हात लावून तिने मला आपल्याकडे वळवलं. "तीनच्या गाडीने जाशील ना? स्टँडवर नुसतं पुकारतात. तुला ऐकू यायचं नाही. गाडीची पाटी बघ."

तीनच्या गाडीच्या पाटीकडे बघत मी स्टँडवर मोठ्याने रडले. किती मोठ्याने, ते मला कळत नाही. लोक बघत होते, म्हणजे बरंच मोठ्याने असणार.

*

त्या जूनपासून दर वर्षी नवीन वर्गावर पहिल्या दिवशी मी सांगते, "मला ऐकू येत नाही. हजेरीला उभं राहायचं. घंटा झाली की पहिल्या बाकावरच्याने हात वर करायचा." मग सगळं सुरळीत चालतं. एवढंच करायचं होतं. हे मी प्रोबेशनवर असताना केलं असतं तर कदाचित नोकरी गेली असती, हेही खरं आहे. पण गेली असती तर माझी गेली असती.

तुमचे कान गेले असतील तर पहिल्यांदा एका माणसाला सांगा. बोर्डाला, प्राचार्यांना नंतर सांगा. आधी त्या एकाला सांगा, ज्याला टीबीचंही सांगवलं होतं.

निनावी अर्ज कोणी केला ते आजवर कळलं नाही. माझा एकावर अंदाज आहे. पण अंदाज करण्याचा माझा हक्क मी तेव्हाच घालवून बसले आहे, म्हणून नाव लिहीत नाही. ठिपक्याचा कप मी घरी आणला. रावेरहून परत आल्यावर मुक्ता त्यातून दूध प्यायची.

सुनंदा शिरपूरलाच राहिली. फार वर्षांनी तिथे कायम झाली, असं नानांकडून कळलं. दर दिवाळीला मी तिला पत्र पाठवते. उत्तर येत नाही. पत्र परतही येत नाही. पूर्वीची मी असते तर यातून काहीतरी अर्थ काढला असता. आता काढत नाही. पुढच्या दिवाळीला पुन्हा लिहिते.